कागद ३०० जीएसएमचा, तरीही चित्र बिघडते: कारणे आणि उपाय

जलरंग शिकणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. कागद ३०० जीएसएमचा घेतला, रंगही चांगल्या कंपनीचे आहेत, तरी आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, दिला की मध्येच गडद ठिपके उमटतात, रंग सुकल्यावर मलूल दिसतो आणि कागदाला पन्हळी येतात. मग रंग बदलले जातात, ब्रश बदलले जातात, क्वचित शिक्षकही बदलले जातात. कागद मात्र तोच राहतो, कारण त्याच्या वेष्टनावर ३०० हा आकडा छापलेला असतो आणि तो आकडा म्हणजेच दर्जाची हमी, असा समज पक्का झालेला असतो.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. कागद कापसाचा आहे की लाकडाच्या लगद्याचा, त्याला खळ (पाणी लगेच आत मुरू न देणारे द्रव्य) कशाची आणि किती दिली आहे, त्याचा पृष्ठभाग कसा दाबला आहे आणि दुकानाच्या माळ्यावर त्याने किती पावसाळे काढले आहेत, यांपैकी काहीही त्या आकड्यातून कळत नाही. भेटपत्रे छापण्याचे गुळगुळीत आर्ट कार्डही ३०० जीएसएमचे मिळते, पण त्यावर जलरंगाचा एक हातसुद्धा धड बसत नाही. माझ्या मते चित्राच्या कागदाची पारख करताना आधी खळ पाहावी, मग तंतू, मग पृष्ठभाग आणि सर्वांत शेवटी वजन. बाजारात हा क्रम नेमका उलटा चालतो, कारण वजन आकड्यात छापता येते आणि खळ छापता येत नाही.

दोष रंगाचा की कागदाचा, हे आधी ठरवावे

ज्या कागदावर चित्र बिघडले, त्याच कागदाची दोन बोटे रुंद पट्टी कापावी आणि तिच्यावर चार-पाच ठिकाणी स्वच्छ पाण्याचा एकेक थेंब ठेवावा. खळ शाबूत असेल तर थेंब गोलसर आणि चमकता राहतो व सावकाश मुरतो. खळ गेली असेल तर तो टेकताक्षणी पसरतो, कागद तेवढ्या जागी काळपट दिसू लागतो आणि पट्टी उलटून पाहिली तर मागेही ओल आलेली असते. एकाच ठिकाणी थेंब ठेवून निष्कर्ष काढू नये, कारण खळ सगळीकडून सारखी जात नाही. बहुधा ती ठिपक्याठिपक्यांनी जाते आणि वॉशमध्ये दिसणारे डाग याच ठिपक्यांचे असतात.

त्यानंतर त्याच कागदाच्या दुसऱ्या पट्टीवर थॅलो ब्लूसारख्या गडद रंगाचा पातळ, सलग हात द्यावा. या चाचणीसाठी अल्ट्रामरीन मुद्दाम टाळावा, कारण त्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि सुकल्यावर जी रवाळ छटा दिसते तिलाच अनेकजण कागदाचा दोष समजतात. दोन्हींतला फरक ओळखणे अवघड नाही. रवाळपणा सगळ्या हातभर सारखा असतो, तर खळ गेल्याचे डाग कुठेही, कसेही आणि वेगवेगळ्या आकारांचे असतात. शेवटी ओल्या पट्टीवर ताठ ब्रश दहा-बारा वेळा घासून पाहावा. कागदाची लव निघून गोळ्या होऊ लागल्या, तर तो कागद घासून रंग उचलण्याच्या किंवा थरावर थर देण्याच्या कामाचा नाही, हे समजावे.

ठिपके आणि मलूल रंग: खळीचा प्रश्न

कागद मुळात सेल्युलोजच्या तंतूंचा असतो आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. त्याला काहीच उपचार केले नाहीत तर त्याचा टीपकागद होतो. पाणी लगेच आत जाऊ नये म्हणून कारखान्यात जे द्रव्य दिले जाते ती खळ. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत तिला सायझिंग म्हणतात. ती दोन प्रकारे दिली जाते. लगद्यातच मिसळलेली खळ कागदाच्या आतबाहेर सगळीकडे असते, तर तयार ताव जिलेटिनच्या पाण्यात बुडवून दिलेली खळ मुख्यतः पृष्ठभागावर बसते. उत्तम जलरंग कागदांत बहुधा या दोन्ही असतात. पृष्ठभागावरच्या खळीमुळे रंगाचे कण वर राहतात, प्रकाश त्यांच्यावरून थेट परततो आणि रंग तजेलदार दिसतो; ती नसेल तर तेच कण तंतूंच्या आत जाऊन बसतात आणि ओला असताना सुंदर वाटलेला रंग सुकल्यावर उतरलेला दिसतो. रंग निकृष्ट असल्याची शंका येते ती इथेच.

जिलेटिनच्या खळीची परंपरा युरोपीय आहे. इटलीतील फॅब्रियानो गावातील कागदी तेराव्या शतकापासून ती वापरत आले. आपल्याकडे जुन्नर, दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि पुण्याच्या कसब्यातला कागदीपुरा येथे तयार होणारा कागद पिष्टमय खळ देऊन दगडाने घोटलेला असे. बोरूने लिहिण्यासाठी आणि अपारदर्शक रंगांच्या लघुचित्रांसाठी तो उत्तम होता. पाण्याने ओथंबलेला पारदर्शक वॉश त्याच्याकडून अपेक्षितच नव्हता. आजही ‘हॅण्डमेड’ एवढ्या एका शब्दावर विसंबून कागद घेणाऱ्यांची फसगत होते, ती याच कारणाने. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था असो की जयपूरजवळच्या सांगानेरचे कागजी असोत, त्यांच्याकडे अनेक प्रकारचे कागद तयार होतात, आणि त्यांतले पुष्कळसे निमंत्रणपत्रिका, पिशव्या व वह्यांसाठी असतात. ते कापसाच्या चिंध्यांचे आणि दिसायला देखणे असतात, परंतु जलरंगाला लागणारी खळ त्यांना दिलेली असेलच असे नाही. दुकानदाराला ‘हा हॅण्डमेड आहे का’ असे विचारण्याऐवजी ‘हा जलरंगासाठी खळ दिलेला आहे का’ असे विचारावे, आणि उत्तर काहीही मिळाले तरी थेंबाची चाचणी करावी.

आता महागडा, नामांकित कागदही का बिघडतो ते पाहू. जिलेटिन हे प्रथिन आहे. दमट हवेत बुरशी आणि जिवाणू त्याच्यावर वाढतात आणि जिथे वाढतात तिथली खळ संपवतात. मुंबई, कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर या महिन्यांत हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. त्या दिवसांत बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात उभे करून ठेवलेले ताव पावसाळा संपल्यावर वरून अगदी नवे दिसतात आणि पहिला वॉश पडला की ठिपक्यांनी भरून जातात. काही वेळा रंग देण्याआधीच कागदावर तांबूस-तपकिरी ठिपके दिसतात. तोही ओलाव्याचाच परिणाम. हा दोष कारखान्याचा नसतो, त्यामुळे कंपनी बदलून तो जात नाही.

खळ जाण्याची आणखीही कारणे आहेत. पेन्सिलचे रेखाटन खोडताना कडक रबर जोरात घासले की तेवढ्या जागेची खळ खरवडली जाते आणि नेमकी चेहऱ्याच्या गालावर नको ती गडद पट्टी उमटते. रेखाटन दुसऱ्या कागदावर पक्के करून मग हलक्या हाताने उतरवणे किंवा मळता येणारे मऊ रबर फक्त टेकवून रेघ उचलणे, हा त्यावरचा मार्ग. कागद ताणण्यासाठी गरम पाण्यात भिजवला तरी जिलेटिन विरघळून निघून जाते. घामेजलेल्या किंवा तेलकट बोटांचे ठसे मात्र उलटा परिणाम करतात. तिथे रंग धरतच नाही.

साठवणुकीचा नियम साधा आहे, पण त्याची वेळ पाळावी लागते. ताव पावसाळ्याआधी, हवा कोरडी असतानाच, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करून आडवे ठेवावेत. जुलैत दमट झालेला कागद पिशवीत घालून बंद केला तर ओल आतच कोंडते आणि बुरशीला आयते घर मिळते. लोखंडी कपाटाचा मधला कप्पा सर्वांत बरा. कसर लागू नये म्हणून काही जण डांबराच्या गोळ्या ठेवतात. त्या कागदाला टेकू देऊ नयेत. सुकवलेला कडुलिंबाचा पाला चालतो, मात्र तो पूर्ण सुकलेला असावा.

खळ गेलेला कागद फेकून देण्याची गरज नाही. खाण्याचे, बिनसाखरेचे व बिनरंगाचे जिलेटिन एका लिटर पाण्याला वीस ते तीस ग्रॅम या प्रमाणात आधी थंड पाण्यात फुगवून मग कोमट करून विरघळवावे, उकळी येऊ देऊ नये, आणि रुंद मऊ ब्रशाने तावाच्या दोन्ही बाजूंना सारखे लावून ताव दोरीवर सुकवावा. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे. पावसाळ्यात जिलेटिन लवकर सुकत नाही आणि कागदाला वास येऊ लागतो. यातून मूळ कागदाचा दर्जा पूर्णपणे परत येतो असे नाही, पण सरावाला तो उपयोगी पडतो. एवढी खटपट करायची नसेल तर तोच कागद कोळसा, पेस्टल किंवा जेसो (रंगाखाली द्यायचे पांढरे अस्तर) देऊन ॲक्रिलिकसाठी वापरावा. जिलेटिन प्राणिजन्य असल्याने ज्यांना ते चालत नाही, त्यांनी प्राणिजन्य द्रव्ये न वापरता केलेला कागद शोधावा. आर्श या फ्रेंच कंपनीचा कागद जिलेटिनच्या खळीचा असतो. फॅब्रियानो कंपनीचा आर्टिस्टिको हा कागद त्याशिवाय तयार होतो.

पन्हळी का येतात

ओला झालेला तंतू लांबीत फारसा वाढत नाही, पण जाडीत बराच फुगतो. चित्र रंगवताना कागदाचा एक भाग भिजलेला आणि शेजारचा कोरडा असतो. भिजलेला भाग पसरू पाहतो, कोरडा त्याला जागा देत नाही, आणि मग तो वर उचलला जातो. यंत्रावर तयार झालेल्या कागदात बरेचसे तंतू एका दिशेने लोळलेले असतात, म्हणून पन्हळीही साधारण एकाच दिशेने येतात.

इथे वजनाला खरे महत्त्व आहे. कागद वाकण्याला जो विरोध करतो तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे घनता सारखी धरली तर २०० जीएसएमच्या तुलनेत ३०० जीएसएमचा कागद जाडीला दीडपट असला तरी ताठपणात सुमारे सव्वातीन ते साडेतीन पट असतो. ३०० ला मिळालेली प्रतिष्ठा या हिशेबातून आली आहे आणि ती या एका बाबतीत रास्त आहे. तरीसुद्धा अर्ध्या इम्पीरियल तावावर, म्हणजे १५ बाय २२ इंचांवर, भरपूर पाण्याचे काम करायचे असेल तर ३०० चा कागदही सुटा ठेवून चालत नाही. ६४० जीएसएमचा कागद जवळजवळ कधीच वाकत नाही, मात्र त्याची किंमत पाहता ताव ताणून घेण्याचे कसब शिकणेच परवडते.

त्यासाठी ताव स्वच्छ, थंड पाण्यात काही मिनिटे भिजवावा. पातळ कागदाला कमी, जाडाला थोडा जास्त वेळ लागतो. मग कोपऱ्याने धरून पाणी निथळू द्यावे, ताव बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवर सपाट पसरावा आणि चारही कडांना पाण्याने चिकटणारी तपकिरी कागदी गमटेप अर्धी कागदावर, अर्धी प्लायवर अशी लावावी. पारदर्शक प्लॅस्टिकची टेप किंवा मास्किंग टेप ओल्या कागदाला धरत नाही. फळी आडवीच ठेवून सुकवावी; भिंतीला टेकवली तर पाणी खाली उतरते, खालची कड उशिरा सुकते आणि एका बाजूची टेप सुटते. उन्हात किंवा पंख्याखाली घाई केली तरी हेच होते. सुकताना कागद आकसतो आणि ताठ बसतो. त्यानंतर चित्र रंगवताना तो तात्पुरता फुगला तरी सुकल्यावर पुन्हा सरळ होतो. चित्र पूर्ण सुकल्याशिवाय टेप कापू नये.

ब्लॉकबद्दल, म्हणजे चारही बाजूंनी चिकटवलेल्या तावांच्या गठ्ठ्याबद्दल, एक गैरसमज दूर करायला हवा. ब्लॉकवरही ओला कागद फुगतोच, आणि त्या फुगवट्याच्या खळग्यात रंग साठून राहतो. सुकल्यावर तो सपाट होतो एवढेच. नवशिके घाबरून ओला असतानाच ताव सुरीने सोडवतात आणि मग पन्हळी कायमच्या राहतात.

चित्र पूर्ण झाले आणि कागद वाकलेलाच राहिला, तर त्याच्या मागच्या बाजूला स्पंजाने अगदी हलका, सारखा ओलावा द्यावा, ताव दोन स्वच्छ टीपकागदांच्या मध्ये ठेवावा आणि वर सपाट फळी व जड पुस्तके ठेवून एक-दोन दिवस तसाच सोडावा. चित्रात जाड गुआश (अपारदर्शक जलरंग) किंवा पेस्टल असेल तर हा उपाय करू नये.

लव निघणे, टेपबरोबर कागद सोलला जाणे

लाकडाच्या लगद्याचे तंतू आखूड, कापसाचे लांब. लांब तंतू एकमेकांत अधिक घट्ट गुंततात, म्हणून शंभर टक्के कापसाच्या कागदावर रंग घासून उचलता येतो, थर देता येतात, आणि तो जास्त वेळ ओला राहतो. लगद्याच्या कागदालाही त्याचे गुण आहेत. रंग त्याच्या वर बसतो, सहज उचलता येतो आणि सराव स्वस्तात होतो. पण ओल्यावर ओले (ओल्या कागदावर ओला रंग) काम पाच-सहा वेळा फिरवले की त्याची लव निघते. ‘२५ टक्के कापूस’ असे लिहिलेला कागद या दोहोंच्या मधला असतो, आणि उरलेले ७५ टक्के काय आहे ते समजून त्याच्याकडून अपेक्षा ठेवाव्यात.

मास्किंग टेपने कागद सोलला जात असेल तर टेप आधी एकदा सुती कापडावर चिकटवून तिचा चिकटपणा कमी करावा आणि काढताना चित्रापासून बाहेरच्या दिशेने, कागदाच्या अगदी जवळून, सावकाश ओढावी. मास्किंग फ्लुइड (जागा कोरी राखण्यासाठी लावायचे रबरी द्रव) कागदावर दिवसभरापेक्षा जास्त ठेवू नये आणि ते असताना हेअर ड्रायर वापरू नये, कारण उष्णतेने ते तंतूंना घट्ट धरते. खळ कमकुवत असलेल्या कागदावर ते लावूच नये.

पृष्ठभागाची निवड मात्र पुष्कळशी स्वभावाची आहे. गुळगुळीत, गरम रुळांखाली दाबलेला कागद बारीक तपशील, वनस्पतिचित्रे आणि शाईच्या कामाला सोयीचा. मध्यम पोताचा, म्हणजे कोल्ड प्रेस, बहुतेक सर्व कामांना. आणि खरखरीत रफ कागद कोरड्या ब्रशाने झाडांची पाने, पाण्यावरची चमक दाखवण्याला. गुळगुळीत कागदावर मोठा वॉश सारखा बसत नाही ही तक्रार खरी आहे, पण तो त्या कागदाचा दोष मानता येणार नाही.

ऋतूचा हिशेब

एकच कागद रत्नागिरीत जुलैमध्ये आणि नागपुरात मे महिन्यात वापरला तर तो दोन वेगळे कागद असल्यासारखा वागतो. दमट हवेत वॉश सुकायला फार वेळ लागतो, वाट पाहण्याचा धीर सुटतो, अर्धवट ओल्या भागात जास्त पाण्याचा ब्रश टेकतो आणि रंग मागे ढकलला जाऊन फुलकोबीसारखी कड तयार होते. उपाय कागदात नाही. कागदाची चमक पूर्ण गेली आणि तळहाताची मागची बाजू जवळ नेल्यावर गारवा जाणवेनासा झाला की मगच पुढचा थर द्यावा. कोरड्या हवेत याच्या उलट, वॉश अर्ध्यावर असतानाच त्याची कड सुकते आणि रेघ पडते. तिथे कापसाचा कागद घ्यावा, कारण तो ओलावा धरून ठेवतो. शिवाय ताव मागूनही भिजवून काच किंवा ॲक्रिलिकच्या पत्र्यावर पसरला तर ओल्यावर ओले काम करायला पुरेसा वेळ मिळतो. विदर्भात उन्हाळ्यात बाहेर बसून निसर्गचित्र करणाऱ्यांनी लगद्याच्या कागदावर मोठे आकाश रंगवण्याचा हट्ट धरू नये, असे माझे मत आहे.

इतर माध्यमांच्या तक्रारी

पोस्टर कलरचा थर सुकल्यावर तडकतो ही शाळकरी मुलांच्या पालकांची नेहमीची तक्रार असते. पोस्टर रंगात भरणद्रव्य जास्त आणि डिंक कमी असतो. पातळ कार्ट्रिज कागद (रेखाटनाचा साधा कागद) वाकला की जाड थर त्याच्याबरोबर वाकत नाही, तो फुटतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांच्या सरावाला १३० ते १५० जीएसएमचा कार्ट्रिज पुरेसा आहे, पण रंग साईसारखा पातळ ठेवून दोन हात द्यावेत, एकच जाड हात देऊ नये, आणि चित्र गुंडाळी करून न नेता सपाट न्यावे. गुआशसाठी २०० च्या वरचा, फार पोत नसलेला कागद बरा.

ॲक्रिलिकला खळीची फारशी फिकीर नसते, कारण त्याची स्वतःची प्लॅस्टिकसारखी पापुद्रीच कागदावर बसते. ही पापुद्री सुकताना आकसते, म्हणून पातळ कागद रंगाच्या बाजूला वळतो; मागच्या बाजूला जेसोचा एक हात दिला की तो सरळ राहतो. पावसाळ्यात ॲक्रिलिकची दोन चित्रे समोरासमोर ठेवली तर ती एकमेकांना चिकटतात. त्यांच्यामध्ये केक भाजताना वापरतात तो सिलिकॉनचा लेप असलेला कागद घालावा.

तैलरंग थेट कागदावर लावणे टाळावे, यात मतभेदाला जागा नाही. जवसाचे तेल कागदात उतरते, रंगाभोवती पिवळट तेलकट कडे दिसते, आणि तेल हवेने सुकत जाते तसे तंतू ठिसूळ होत जातात. ३०० जीएसएमच्या कागदाला दोन-तीन हात ॲक्रिलिक जेसो देऊन पूर्ण सुकवावे, किंवा तैलरंगासाठी मुद्दाम अडथळ्याचा थर देऊन तयार केलेला कागद घ्यावा. ऑइल पेस्टलमध्येही हेच थोड्या प्रमाणात होते. चित्रकलेच्या वहीत मागच्या पानावर दिसणारे तेलाचे डाग त्याचेच.

सॉफ्ट पेस्टल धरत नाही, दोन थरांनंतर खडू नुसता घसरतो, अशी तक्रार असेल तर कागदाचे खळगे भरून गेले आहेत. पेस्टलला दात, म्हणजे खडूची भुकटी धरून ठेवणारा खरखरीतपणा, असलेला कागद लागतो. कॅन्सनचा मी-तांत हा १६० जीएसएमचा रंगीत कागद त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याची एक बाजू मधाच्या पोळ्यासारख्या ठळक पोताची आणि दुसरी बारीक पोताची असते, आणि व्यक्तिचित्रासाठी बहुतेक जण बारीक बाजूच पसंत करतात. जास्त थर हवे असतील तर जेसोत प्युमिसची भुकटी मिसळून जाड कागदावर लावावी. भरलेल्या कागदावर फिक्सेटिव्ह (खडू पक्का करणारा फवारा) मारून पुन्हा दात आणण्याचा प्रयत्न करणाऱ्यांनी रंग गडद होण्याची तयारी ठेवावी.

शाई फुटत असेल, म्हणजे रेघेला केसाळ कडा येत असतील, तर कागदाला खळ कमी आहे; टाकाची निब अडकून शाईचे शिंतोडे उडत असतील तर पोत जास्त आहे. या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि दोन्हींवर गुळगुळीत, पक्क्या खळीचा कागद हा एकच उपाय लागू पडतो. चिनी पद्धतीच्या मुक्त शाईचित्रांत मात्र बिनखळीचा शुआन कागद जाणीवपूर्वक वापरतात, कारण शाईचे ते पसरणेच तिथे हवे असते. याच्या दुसऱ्या टोकाला बंगालचे चित्रकार अवनींद्रनाथ ठाकुर यांची वॉश पद्धत. तिच्यात रंगवलेले चित्र पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवले जाते, आणि ते सोसायला कागद मजबूत तंतूंचा व पक्क्या खळीचाच असावा लागतो. एका माध्यमाचा दोष दुसऱ्याचा गुण ठरतो तो असा.

वारली चित्रांसाठी गेरू लावलेला कागद अनेक जण घरी तयार करतात आणि पांढऱ्या रंगाबरोबर गेरूही निघून येतो, असे सांगतात. भिंतीवर गेरू मातीत मुरतो. कागदावर त्याला धरून ठेवायला बांधणारे द्रव्य हवे. गेरूच्या पाण्यात डिंक किंवा थोडा फेव्हिकॉल मिसळावा आणि जाड, वाकणार नाही असा कागद घ्यावा. भिंतीवरची चित्रे कागदावर आली त्या घडामोडीत भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराचा मोठा वाटा आहे. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या वतीने मधुबनीच्या स्त्रियांपर्यंत कागद पोहोचवणारे तेच, आणि पुढे वारली चित्रांकडे शहरी रसिकांचे लक्ष वेधण्यातही ते होते. लघुचित्रांची वसली ही अनेक कागद खळीने चिकटवून, घोटून केलेली असते. तिच्यावर पाण्याचा सढळ हात दिला की थर सुटून फुगे येतात, म्हणून तिच्यावर घट्ट, अपारदर्शक रंगच वापरावेत.

पिवळेपणा आणि वेष्टनावरचे शब्द

काही वर्षांत कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, त्याची मुख्य कारणे दोन: लाकडातले लिग्निन (तंतूंना बांधून ठेवणारे द्रव्य) आणि आम्लता. राळ व तुरटीच्या जुन्या खळीने कागद आम्लयुक्त होत असे. ‘ॲसिड-फ्री’ म्हणजे कागदात आम्लता नाही. त्याचा अर्थ कागद कापसाचा आहे असा होत नाही. ‘वुड-फ्री’ हा शब्द तर अधिकच चकवतो: तो कागद लाकडापासूनच केलेला असू शकतो, फक्त त्यातले लिग्निन रासायनिक प्रक्रियेने बहुतांशी काढलेले असते. खात्री करायची असेल तर कागदाची एक पट्टी अर्धी जाड पुस्तकात दाबून आणि अर्धी बाहेर राहील अशी खिडकीच्या उन्हात काही आठवडे ठेवावी. वर्तमानपत्राची पट्टी शेजारी ठेवली तर तुलना सोपी होते.

खरेदी करताना

नव्या कागदाचा पूर्ण पॅड कधीच घेऊ नये. एक इम्पीरियल ताव, म्हणजे २२ बाय ३० इंच, घेऊन त्याचे चार भाग करावेत. एकावर थेंबाची, वॉशची आणि घासण्याची चाचणी, उरलेल्या तिघांवर प्रत्यक्ष चित्र. दुकानात तळाशी पडलेला, कडा पिवळसर झालेला ताव सवलतीत मिळाला तरी जलरंगासाठी नाकारावा. पैसे मोजकेच असतील तर महाग रंग आणि स्वस्त कागद यांपेक्षा विद्यार्थी दर्जाचे रंग आणि कापसाचा कागद ही जोडी अधिक चांगले चित्र देते, असे मी ठामपणे म्हणेन. मात्र रोजच्या रेखाटनाला, रंगछटांच्या तक्त्यांना कापसाचा कागद वापरणे ही उधळपट्टी आहे.

ताव कापण्यापूर्वी प्रत्येक भागाच्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला, पेन्सिलीने कागदाचे नाव, वजन आणि खरेदीचा महिना लिहून ठेवावा. जलचिन्ह असेल तर ते ज्या बाजूने सरळ वाचता येते ती बहुधा वरची बाजू. नसेल तर दोन्ही बाजूंवर थेंब टाकून पाहावा आणि जी बाजू पाणी अधिक वेळ धरते ती वरची मानावी.